दुसऱ्या खेपेची उत्तरं

दसरा होऊन गेला तरी पाऊस काही गावाचा पिच्छा सोडत नव्हता. कापलेलं सोयाबीन रानातच पडून होतं. किशननं त्याची ढिगासारखी बनीम रचून वर ताडपत्री टाकली होती, पण खालच्या थरानं ओल धरली होती आणि शेंगांतून पांढरे कोंब डोकावत होते. ऊन पडलं की तो बनीम मोडून सोयाबीन पसरायचा, ढग आला की पुन्हा गोळा करायचा. मळणीयंत्रवाला ओल्या मालाला हात लावायला तयार नव्हता. म्हाताऱ्याचा सगळा दिवस त्या एका ढिगाभोवती जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन तो रुक्मिणबाईला त्याची खबरबात सांगायचा, घरात कुणी आजारी असल्यासारखी.

रुक्मिणबाई नुसती ऐकून घ्यायची. रान होतं नाल्याच्या पलीकडं आणि तिचे गुडघे तिला गल्लीच्या टोकापर्यंतही धड नेत नव्हते. एकेकाळी कापणीला ती दोन बायांची पात एकटी ओढायची. आता ओसरीवरच्या बाजेवर बसून लसूण सोलणं आणि शेळीला हाकलणं एवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं. उठायचं म्हटलं की आधी भिंत धरायची, मग बाजेची कड, मग तुळजाभवानीचं नाव, तेव्हा कुठं कंबर वर यायची. दोन्ही पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला वाकले होते. ती डुलत चालायची आणि गल्लीतली पोरं मागं मागं तसंच चालून दाखवायची.

खाली बसणं तर कधीच सुटलं होतं. संडासात बसता येईना, तेव्हा एका दुपारी किशननं प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक तापल्या सुरीनं मधोमध कापली, कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या आणि खुर्ची तिच्यापुढं आणून ठेवली. तिच्याकडं न बघताच म्हणाला, "बसून बघ. टोचलं तर सांग." लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण ती खुर्ची नसती तर तिचे काय हाल झाले असते, हे तिचं तिलाच माहीत.

लातूरच्या डॉक्टरनं गुडघ्यांचा फोटो बघून सांगितलं होतं, वाट्या पार झिजल्यात, ऑपरेशन करून बदलाव्या लागतील. पोरगा माउली किल्लारी-औसा रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवायचा. त्यानं मान खाली घातली. किशन मात्र म्हणाला, "बघू. फुकटात करायच्या बी याद्या असत्यात. कवातरी आपलाबी नंबर लागंल."

त्याच दिवसांत आशाताई सुकन्या एका शहरी पोरीला घेऊन घरी आली. ज्योत्स्ना तिचं नाव. मूळची देगलूरकडची, लातूरला व्यायामोपचाराचं पुढचं शिक्षण घेत होती. रेनकोट बाहेर झटकून, चपला काढून ती आत आली, हे रुक्मिणबाईला आवडलं. पावसामुळं किशनही घरीच होता.

"मावशी, गुडघेदुखीच्या लोकांना विचारायला परदेशात काही प्रश्न तयार केलेत," ती म्हणाली. "दुखण्यानं माणसाचं रोजचं जगणं किती अवघड होतं, ते त्यातून कळतं. आम्ही ते मराठीत आणलेत. आपल्या लोकांना ते लागू पडतात का, हे बघायचंय. आज विचारीन आणि दोन आठवड्यांनी येऊन पुन्हा हेच विचारीन."

"पुन्यांदा तेच?" किशननं विचारलं.

"हो काका. दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का, ते बघावं लागतं."

"ऑपरेशनसाठी हाय का हे?"

"नाही. ऑपरेशन नाही, औषध नाही, यात तुम्हाला कसलाच फायदा नाही. आधीच सांगायचा नियम आहे. नको वाटलं तर खुशाल नाही म्हणा."

किशननं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि बायकोकडं पाहिलं. विचारू दे, असं त्या नजरेत होतं.

पहिलाच प्रश्न जिन्याचा निघाला. जिना चढताना किती त्रास होतो? रुक्मिणबाईला हसू आलं.

"जिना कुठं हाय माय हितं? भूकंप झाल्यापून घरावर घर बांधायची कुणाची छाती हाय?"

सुकन्याही हसली. ज्योत्स्नानं कागदावर काहीतरी खूण केली आणि म्हणाली, "बरं, मग जीपमध्ये चढताना?"

"लई."

प्रश्न पुढं पुढं जात राहिले. रात्री कूस बदलताना दुखतं का, लोकांसमोर चालायची लाज वाटते का. प्रत्येकाला चार उत्तरं होती, कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. त्यातलं एक उचलायचं. रुक्मिणबाईला इतक्या वर्षांत कुणी इतकं निवांत बसून काही विचारलं नव्हतं. ती हळूहळू खुलली.

"तुमच्या दुखण्याचा घरच्यांवर भार पडतो असं वाटतं?"

तिनं किशनकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं सून राजकन्या पिठाच्या हातानं उभी होती. "नेहमी," ती म्हणाली.

"काय बी बोलू नको," किशन मधेच बोलला.

"काका, उत्तर मावशींचंच पाहिजे," ज्योत्स्ना हसून म्हणाली. "जवळच्या माणसाला तुमचं दुखणं कळतं का?"

रुक्मिणबाईला कापलेली खुर्ची आठवली. "नेहमी कळतं," ती म्हणाली आणि लाजल्यासारखी पदराशी चाळा करू लागली.

"आणि हा शेवटचा. गुडघ्यांमुळं मनातलं काही करायचं राहून गेलंय का?"

"तुळजापूरची पायरी. सून घरात आल्यावर जोडीनं चढायची होती. ऱ्हाऊन गेली."

पोरगी चहा पिऊन गेली. तिची स्कूटी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच किशन बाजेजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा बदलला होता.

"ही यादी हाय," तो म्हणाला.

"पोरगी तर न्हाई म्हणली."

"तवाबी न्हाईच म्हणले होते."

तवा म्हणजे कधी, हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. भूकंपात जुन्या घराचं माळवद खाली आलं, तेव्हा त्या घरात चार माणसं होती. किशन, त्याची म्हातारी आई, रुक्मिणबाई आणि तिची पहिली लेक अयोध्या. पोरीला मिलिटरीच्या गाडीतून सोलापूरला नेलं होतं. जिवंत आहे की नाही, काहीच कळत नव्हतं. अशात एकजण कागद घेऊन आला आणि म्हणाला, घरात माणसं किती, नुसती नोंद करायचीय, यातून काही मिळणार नाही. किशननं चार सांगितली. पुढं तोच माणूस पुन्हा आला, तोवर अयोध्या गेल्याचं कळलं होतं. किशननं तीन सांगितली. त्या माणसानं मागचा कागद काढून बघितला, "मागं चार म्हणाला होतात," असं म्हणाला आणि त्यांचा कागद वेगळा काढून ठेवला. गावातल्या लोकांना नवी घरं मिळत गेली आणि हे पत्र्याच्या शेडात उन्हाळे काढत राहिले. माउलीचा जन्मही शेडातलाच.

त्या कागदामुळंच घर लांबलं की आणखी कशानं, हे किशनला कुणी कधी सांगितलं नाही. पण त्यानं आपल्या मनाशी पक्कं धरलं होतं. फायदा नाही असं जे आधी सांगतात, त्याच्यातच फायदा असतो. आणि दुसऱ्या खेपेला येतात ते माणूस पालटतो का, हे बघायला.

"दोन्ही बारचं जुळाय पायजे म्हणली का न्हाई? तूच ऐकलीस," तो म्हणाला. "आता दुसऱ्या बारीला एक शबूद हिकडचा तिकडं करायचा न्हाई. पाठ कर."

आणि त्यानं खरंच पाठ करून घ्यायला सुरुवात केली. शाळेत कधी न गेलेला माणूस, पण कान तिखट. सगळे प्रश्न त्याच्या ध्यानात राहिले होते. संध्याकाळी रानातून आला, हातपाय धुतले की बाजेजवळ बसायचा. तिच्या गुडघ्यांना कोमट तेल चोळता चोळता विचारायचा.

"जीपमंदी चढताना?"

"लई."

"लई न्हाई. ती पोरगी लिवताना काय म्हणली? नेहमी. कूस पालटताना?"

"बऱ्याचदा."

"घरच्यास्नी भार हुतो का?"

"नेहमी."

"न्हाई हुत," तो म्हणायचा. "पर तू नेहमीच सांग. एकदा तोंडातून गेलंय."

राजकन्या भाकरी थापता थापता पदर तोंडाला लावून हसायची. सासू-सासऱ्यांना एवढं बोलताना तिनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. रुक्मिणबाईलाही गंमत वाटत होती. तेल चोळणारे ते खरबरीत हात, विचारणारा तो दरडावणीचा आवाज. गुडघे बदलून आल्यावर काय काय करायचं, हेही तो ठरवून ठेवू लागला होता. "आधी रान बघायला चल. बांधावरचा जांभळ लई पसरलाय. तू बघितला न्हाईस," तो म्हणायचा. ती नुसती मान हलवायची.

मग एका सकाळी चक्क कडक ऊन पडलं. मळणीयंत्रवाला यायला कबूल झाला आणि किशन न्याहारीसुद्धा न करता रानाकडं पळाला. माउली जीपवर गेला होता, राजकन्या दळण आणायला. रुक्मिणबाई एकटी ओसरीवर होती. ऊन वर चढलं असेल नसेल, तोच शेतशेजारी भागवत धावत आला. चिखलानं माखलेला, धाप लागलेली.

"काकू, काका बनिमीपाशी पडलेत. छातीला हात लावून बसले आन् आडवेच झाले. माउलीला फोन लावलाय."

एवढं सांगून तो आला तसा मागं पळाला.

रुक्मिणबाई उठली. भिंत धरायची राहिली, देवाचं नाव घ्यायचं राहिलं, कशी उठली ते तिलाही कळलं नाही. काठी घेऊन गल्लीतून निघाली. गुडघ्यात कुणी सळई फिरवावी तशी कळ उठत होती. तोंडातून आवाज निघत होता आणि तो आपलाच आहे, हे तिला उमगत नव्हतं. कशीबशी नाल्यापर्यंत पोहोचली. नाल्याला पाणी होतं, फार नव्हतं, कुणीही धडधाकट माणूस लुगडं खोचून पार झालं असतं. पण उतार निसरडा होता. तिनं एक पाऊल टाकलं आणि पाय जो वाकला तो वाकलाच. ती चिखलात बसली. पुन्हा उठता येईना. समोर, पलीकडच्या काठावर बांधावरची झाडं दिसत होती, माणसांची हालचाल दिसत होती. तिनं हाका मारल्या. तिकडच्या गडबडीत त्या कुणाला ऐकू जाणार?

जीप वरच्या रस्त्यानं रानात गेली आणि तशीच औशाकडं गेली. किशननं वाटेत जीव सोडला.

नंतर भागवतच्या तोंडून निघून गेलं. म्हणाला, काका बराच वेळ शुद्धीवर होते, डोकं माझ्या मांडीवर होतं, सारखे विचारत होते, माउलीची माय आली का. रुक्मिणबाईनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून ते तिच्या कानातून गेलं नाही. माणूस गेला याचं दुःख होतंच. पण हाकेच्या अंतरावर तो वाट बघत होता आणि ती चिखलात बसून होती. हे तिला कुणाजवळ बोलता येत नव्हतं.

दिवस झाले. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. मळणी भागवतनं आणि माउलीनं मिळून उरकली; निम्मा माल काळा निघाला. पाहुणे पांगले, घर मोकळं झालं. पावसामुळं ज्योत्स्नाचं येणं लांबलं होतं. सुकन्या एके दिवशी सहज बोलून गेली, "ती पोरगी फोन करायलीय, परवा येते म्हणती. तिला सांगू का आता येऊ नको म्हणून?"

"न्हाई, येऊ दे," रुक्मिणबाई म्हणाली.

"काकू, घरात असं झालंय..."

"तिला सांगू नकोस. तुझ्या पाया पडते, सुकन्या. घरात काय झालं ते तिला कळाय न्हाई पायजे."

सुकन्या तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. रुक्मिणबाईचं मात्र ठरलं होतं. घरातलं माणूस कमी झालं म्हणून मागं एकदा कागद वेगळा पडला होता, आता तसं होऊ द्यायचं नव्हतं. त्यानं जाता जाता तिच्यासाठी एवढं एकच काम अर्धं करून ठेवलं होतं, ते तिला पुरं करायचं होतं. नवे गुडघे मिळाले तर तिला नाला ओलांडून जाता येणार होतं. त्याला जिथं अग्नी दिला, त्या बांधावर तिला एकदा स्वतःच्या पायांनी जायचं होतं. दुसरं काहीही तिला नको होतं.

ज्योत्स्ना यायच्या दिवशी सकाळी तिनं राजकन्येला हाक मारली. भिंतीवरचा सासऱ्याचा हार घातलेला फोटो काढ म्हणाली. राजकन्येनं काढला आणि बाजेवरच्या गोधडीखाली ठेवला.

"आता तुझ्या दोन बांगड्या दे."

राजकन्येनं हात मागं घेतले. तिला क्षणभर काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं.

"आत्या, हे न्हाई हुनार माझ्याच्यानं. माझा मालक रोज गाडीवर असतोय."

"खरं हाय," रुक्मिणबाई म्हणाली. "चुकलं माझं. न्हाई घेत."

सुनेला तिनं बोल लावला नाही. विधवेच्या हातात आपल्या बांगड्या घालायला कोणती सवाष्ण धजेल? तिनं हात पदरात गुंडाळून घेतले, पदर गळ्याशी घट्ट ओढला. मग भिंत धरत धरत देव्हाऱ्यापाशी गेली. देवीच्या कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं आणि आरशात न बघताच कपाळाला टेकवलं. कुंकू जरासं बाजूला लागलं. राजकन्येनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज उगाचच मोठा होत राहिला.

सुकन्या ज्योत्स्नाला घेऊन आली. उंबऱ्यातच तिची पावलं अडखळली. ती रुक्मिणबाईच्या कपाळाकडं बघत होती. रुक्मिणबाईनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ती मुकाट्यानं खांबाला टेकून खाली बसली आणि नखानं जमीन टोकरू लागली.

"कशा आहात मावशी?" ज्योत्स्नानं कागद काढले. "आधी एक विचारते. मागच्या वेळेनंतर तुमच्या तब्येतीत किंवा घरात काही मोठं घडलंय का? घडलं असेल तर आजची उत्तरं मला घेता येणार नाहीत."

रुक्मिणबाईच्या मनात किशनचा आवाज उठला. बघ, म्हणलो नव्हतो?

"न्हाई," ती म्हणाली. "काय बी घडलं न्हाई."

"काका दिसत नाहीत."

"रानात गेलेत."

प्रश्न सुरू झाले. जीपमध्ये चढताना, नेहमी. कूस बदलताना, बऱ्याचदा. प्रश्न त्या पोरीच्या तोंडून येत होते, पण रुक्मिणबाईला ते दुसऱ्याच आवाजात ऐकू येत होते आणि गुडघ्यांना तेलाचा हात लागल्यासारखं वाटत होतं. ती भराभर उत्तरं देत गेली.

"घरच्यांवर भार पडतो असं वाटतं?"

"नेहमी." पुढचं 'न्हाई हुत' कुणी बोललं नाही. ती थोडी थांबली. सवयीनं थांबली.

"जवळच्या माणसाला तुमचं दुखणं कळतं का?"

तिनं गोधडीवर हात टेकला. खाली फोटोची चौकट हाताला लागली.

"नेहमी कळतं," ती म्हणाली.

"आता शेवटचा. गुडघ्यांमुळं मनातलं काही करायचं राहून गेलंय का?"

आतली भांडी थांबली होती. रुक्मिणबाईच्या डोळ्यांपुढं नाला आला, निसरडा उतार आला, पलीकडची माणसं आली. इतके दिवस जे कुणाजवळ बोलता आलं नव्हतं, ते कुणीतरी समोर बसून, पेन हातात धरून, मायेनं विचारत होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"तुळजापूरची पायरी," ती म्हणाली. "जोडीनं चढायची होती."

सुकन्यानं पदर तोंडात कोंबला. ज्योत्स्नाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं मागचा कागद काढला, शेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवत गेली. तिचा चेहरा उजळला.

"मावशी, सगळी उत्तरं जुळली. इतकी नीट कुणाचीच जुळली नव्हती. माझं फार मोठं काम केलंत तुम्ही."

रुक्मिणबाईनं श्वास सोडला. पास झाल्यासारखं वाटलं. "मंग नंबर कवा लागंल?" तिनं विचारलं.

"कसला नंबर?"

"गुडघ्याचा. ऑपरेशनचा."

ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. ती बाजेजवळ सरकली. "मावशी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यात ऑपरेशन नाही."

"सांगितलं होतं. पर ते सांगायचा नियम असतोय म्हणलीस न्हवं."

"नियम आहे, कारण ते खरं आहे. तुमची परीक्षा नव्हती ही. प्रश्नांची होती. प्रश्न बरे आहेत का, पुन्हा विचारले तर तेच उत्तर येतं का, एवढंच बघायचं होतं. ते सिद्ध झालं, की पुढं डॉक्टर लोकांना हे प्रश्न वापरता येतील."

"म्हंजे मला न्हाई तपासलं?"

"नाही हो मावशी."

रुक्मिणबाई रडली नाही, रागावली नाही. नुसती दारातून बाहेर बघत राहिली. एवढं सगळं त्या म्हाताऱ्यानं किती विश्वासानं केलं होतं, याची तिला दया आली. त्याला हे कळायच्या आधी तो गेला, हे बरंच झालं, असंही मनात येऊन गेलं. मग पदरात गुंडाळलेले हात तिनं सोडवले आणि ते उघडे हात मांडीवर ठेवले.

"मंग आता खरं सांगायला हरकत न्हाई," ती म्हणाली. "आमचे मालक गेले. तू येऊन गेल्यावर, त्याच आठवड्यात."

ज्योत्स्नानं त्या हातांकडं पाहिलं, कपाळाकडं पाहिलं, सुकन्याकडं पाहिलं. सुकन्या आता उघड रडत होती. पोरीच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"नाल्याच्या पल्याड पडले होते," रुक्मिणबाई सांगत राहिली. "मी नाल्यापतुर गेले. माझ्याच्यानं उतरवलं न्हाई. ते इचारत होते, आली का म्हून. तू म्हणलीस न्हवं, ऱ्हाऊन काय गेलं. हे ऱ्हाऊन गेलं."

ज्योत्स्नानं डोळे पुसले. मग समोरचा कागद उचलला, त्याची घडी केली आणि पिशवीत वेगळ्या कप्प्यात सारली. "मावशी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हा कागद मला आता धरता यायचा नाही. मधे एवढं घडलंय. तुमचं नाव मला गाळावं लागेल. माफ करा."

"गाळ माय," रुक्मिणबाई म्हणाली. "तुझा काय कसूर न्हाई. चहा घेऊन जा."

चहा कुणाला गेला नाही. ज्योत्स्ना निघताना वाकून तिच्या पाया पडली, तेव्हा तिची बोटं त्या वाकड्या गुडघ्यांवर घटकाभर थांबली. ऑपरेशनसाठी मी लातूरला विचारून बघते, असं ती काहीतरी म्हणाली. रुक्मिणबाईनं मान हलवली, पण ते तिच्या कानात शिरलं नाही. सुकन्या तिच्याबरोबर गेली. स्कूटीचा आवाज लांब गेला आणि गल्ली पुन्हा शांत झाली.

राजकन्या आतून ओलं फडकं घेऊन आली. सगळं तिनं दाराआडून ऐकलं होतं आणि तिचे डोळे सुजले होते. "आत्या, पुसून घ्या," ती म्हणाली. "दळणाला बोलवाय बाया यायचा टाइम झाला. कुणी बघितलं तर गावभर करतील."

रुक्मिणबाईनं फडकं हातात घेतलं. कपाळापर्यंत नेलं आणि तिचा हात तिथंच थांबला. सकाळी ते कुंकू लावलं होतं ते कागदासाठी, गुडघ्यांसाठी. पण ते कपाळावर होतं म्हणूनच ती घटकाभर 'रानात गेलेत' म्हणू शकली होती आणि तेवढा वेळ तो खरंच रानात होता.

"राजकन्या," ती म्हणाली, "थोडा वखत ऱ्हाऊ दे. मंग मीच पुसते."

राजकन्येनं जाऊन दाराला आतून कडी घातली आणि येऊन सासूच्या पायाशी बसली.